वाचकांचे प्रश्न : अल्गोरिदममध्ये संशोधन म्हणजे नेमकं काय करायचं?

अल्गोरिदम म्हणजे एखादं काम करण्याची पायरी-पायरीनं ठरवलेली रीत. त्यातल्या संशोधनाविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. लांब पत्रांचा फक्त गाभा दिला आहे.

मी अकरावी सायन्सला आहे. मोठेपणी अल्गोरिदमवर संशोधन करायचं आहे. त्यासाठी आतापासून पायथन शिकू की सी प्लस प्लस?
– विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे

कुठलीही एक शीक, दोन्हींनी काम भागतं. त्याआधी कागद-पेन्सिल घेऊन एक गोष्ट करून बघ.

समज, वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये एका गाळ्यावर हापूसच्या पाच पेट्या आहेत. काटा बंद पडलाय. नुसता दोन पारड्यांचा तराजू आहे, मापं नाहीत. पेट्या हलक्यापासून जडपर्यंत ओळीनं लावायच्या, तर कमीत कमी किती वेळा तोलावं लागेल?

पेट्यांना क, ख, ग, घ, च म्हणू. क आणि ख तोल. समज ख जड निघाली. ग आणि घ तोल. समज घ जड. मग या दोन जड पेट्या एकमेकींशी तोल. समज घ आणखी जड. तीन वेळा तोलून झालं आणि हातात क, ख, घ अशी चढती ओळ आहे. शिवाय ग ही घ पेक्षा हलकी, हेही माहीत आहे. आता पाचवी पेटी च या ओळीत बसव. आधी मधल्या ख शी तोल, मग निकालाप्रमाणे क किंवा घ शी. झाले पाच. उरली ग. ती घ च्या खालीच बसणार, म्हणजे तिला जास्तीत जास्त तीन पेट्यांमध्ये जागा शोधायची आहे. तिथेही मधल्या पेटीपासून सुरुवात केली की दोनदा तोलून भागतं. एकूण सात.

आता तेच उलट क्रमानं कर. आधी ग बसव, मग च. ग साठी दोनदा तोलावं लागतं, पण नंतर च साठी चार पेट्यांच्या ओळीत पाच जागा उरतात आणि तीनदा तोलावं लागतं. एकूण आठ. असं का झालं? दोनदा तोललं की चार शक्यता वेगळ्या करता येतात. ग आधी बसवली तेव्हा जागा तीनच होत्या, एक शक्यता वाया गेली. ती उधळपट्टी पुढे एका जादा तोलण्यानं भरून द्यावी लागली.

सहांत जमेल का? पाच पेट्यांचे क्रम १२० प्रकारचे. सहा वेळा तोलून फार तर ६४ निकाल वेगळे ओळखता येतात. ६४ खणांत १२० क्रम वेगवेगळे बसणार नाहीत. म्हणून जगातला कुणीही हुशार माणूस, कुठल्याही संगणकावर, सहा वेळांत हे काम हमखास करू शकणार नाही. या एका वाक्यात संशोधनाची दुसरी बाजू आहे: रीत शोधायची, आणि त्याहून चांगली रीत असूच शकत नाही हेही दाखवायचं. गंमत म्हणजे १२ वस्तूंसाठी हाच हिशेब २९ सांगतो, पण प्रत्यक्षात ३० लागतात.

म्हणून आत्ता भर दे तो क्रमचय-संचय, संभाव्यता आणि इंडक्शनवर. अकरावी-बारावीत हे धडे मार्कांपुरते उरकले जातात, आणि पुढे तेच रोज लागतात.

ऐरोलीत राहतो, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोडिंग काँटेस्टचे सहाशेवर प्रॉब्लेम सोडवलेत. आमचे सर म्हणतात, याला संशोधन म्हणत नाहीत. मग कशाला म्हणतात?

सरांचं बरोबर आहे, पण तुमची मेहनत फुकट गेलेली नाही. काँटेस्टमध्ये उत्तर आहे हे आधीच ठरलेलं असतं. एन (दिलेल्या गोष्टींची संख्या) १० लाख आणि वेळ एक सेकंद एवढं वाचलं की साधारण एन गुणिले लॉग एन पायऱ्यांत संपणारं काहीतरी हवंय, हे तुम्हाला कळतं. संशोधनात ही खूण नसते. उत्तर असेल, नसेल, किंवा ‘असू शकत नाही’ हेच उत्तर असेल.

तुमच्या ओळखीच्या हॅश टेबलचंच उदाहरण घेऊ: माहिती कप्प्यांत ठेवायची, आणि कुठल्या कप्प्यात ते तिच्या किल्लीवरून (म्हणजे ओळख-क्रमांकावरून) हिशेबानं ठरवायचं. त्या हिशेबाला हॅश म्हणतात. १,००० कप्पे आहेत, त्यांतले ९९० भरलेत. नवी किल्ली आली. ती मनाला येईल तो कप्पा उघडून बघते, रिकामा सापडला की बसते. प्रत्येक कप्पा रिकामा असण्याची शक्यता शंभरात एक, म्हणजे सरासरी शंभर कप्पे उघडावे लागणार. याहून बरं करता येईल का? संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू याओ यांनी १९८५ मध्ये असा अंदाज मांडला की पहिला रिकामा कप्पा दिसला की बसायचं हा नियम पाळणाऱ्या टेबलांमध्ये याहून फारसं बरं करता येणार नाही. चाळीस वर्षं बहुतेकांनी ते धरून चालवलं.

जानेवारी २०२५ मध्ये अँड्र्यू क्रापिव्हिन, मार्टिन फराक-कोल्टन आणि विल्यम कुझमॉल यांच्या पेपरनं तो अंदाज खोटा ठरवला. क्रापिव्हिननं हे काम रटगर्स विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी असताना सुरू केलं. पॉइंटर (मेमरीतल्या जागेचे पत्ते) कमी जागेत कसे ठेवता येतील यावरचा एक पेपर वाचून तो त्यात सुधारणा करू पाहत होता. त्यातून नवं टेबल निघालं, आणि याओ यांचा अंदाज तेव्हा त्याला ठाऊकही नव्हता. टेबलात एक भागिले एक्स एवढीच जागा रिकामी असेल (वरच्या उदाहरणात एक्स म्हणजे १००), तर जुन्या समजुतीनं सर्वांत अवघड किल्लीला एक्सच्या प्रमाणात खर्च यायला हवा. नव्या रीतीत तो लॉग एक्सच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. आणि त्या नियमात राहून याहून खाली जाता येत नाही, हेही त्याच पेपरात सिद्ध केलंय. सातव्या तोलण्याचीच गोष्ट पुन्हा.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. दोनचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ कप्प्यांचं टेबल घ्या आणि लिनिअर प्रोबिंग लिहा: कप्पा भरलेला असेल तर शेजारचा बघायचा. टेबलात नसलेली किल्ली शोधायला सरासरी किती कप्पे बघावे लागतात ते मोजा. डोनाल्ड कनूथ यांनी १९६३ मध्ये या रीतीचं गणित केलं. त्यानुसार टेबल अर्धं भरलेलं असताना सुमारे २.५, तीनचतुर्थांश भरल्यावर ८.५ आणि ९० टक्के भरल्यावर ५०.५ हे आकडे यायला हवेत.

आकडे फारच छान आले तर लगेच खूश होऊ नका. बहुतेक वेळा किल्ल्या १, २, ३ अशा ओळीनं दिलेल्या असतात आणि हॅश म्हणून नुसती बाकी काढलेली असते. मग टक्करच होत नाही (दोन किल्ल्या एकाच कप्प्यावर येत नाहीत) आणि टेबलाची परीक्षाही होत नाही. किल्ली काढून टाकल्यावर मधल्या काही किल्ल्या ‘हरवत’ असतील, तर तुम्ही कप्पा सरळ रिकामा केलाय. शोधणारा त्या रिकाम्या कप्प्यापाशी थांबतो, पुढे बघतच नाही. तिथे ‘काढलेली’ अशी खूण ठेवावी लागते. आणि खुणा साचल्या की शोध पुन्हा मंदावतो. हा खुणांचा खर्च नेमका किती, तो कधी टाळता येतो, इथून पुढचे प्रश्न खरोखरीच्या संशोधनाचे आहेत.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी डायक्स्ट्राची शॉर्टेस्ट पाथ पद्धत बायनरी हीप आणि फिबोनाची हीप, दोन्ही वापरून लिहिली. अमेरिकेच्या रस्त्यांच्या डेटावर चालवली. पुस्तकाप्रमाणे फिबोनाची जलद हवी, माझी हळू चालते. माझं काय चुकलं?
– विद्यार्थी, कोपरखैरणे

बहुधा काहीच चुकलं नाही. (इतर वाचकांसाठी: हीप म्हणजे सर्वांत कमी अंतराची नोंद चटकन हाती देणारी रचना.) ती हळू का चालते हे आकड्यांनी दाखवलंत, तर तोच तुमच्या रिपोर्टचा सर्वांत मोलाचा भाग होईल.

तुमचा डेटा ९ व्या डिमॅक्स चॅलेंजचा, म्हणजे शॉर्टेस्ट पाथच्या संशोधन-स्पर्धेचा दिसतो: २,३९,४७,३४७ नोड (चौक) आणि ५,८३,३३,३४४ एज (चौकांना जोडणारे रस्ते). नोडमागे एज साधारण २.४. फ्रेडमन आणि टारजन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या फिबोनाची हीपचा फायदा एकाच कामात आहे: हीपमधल्या नोडचं अंतर कमी करणं, म्हणजे डिक्रीज-की. आता मोजा, ते काम किती वेळा होतं. ५.८३ कोटी एजपैकी जवळजवळ २.३९ कोटी एज नोडला पहिल्यांदा हीपमध्ये आणण्यात जातात. उरलेल्यांतल्या बऱ्याच, ज्या नोडचं काम आधीच संपलंय त्यांच्याकडे परत जातात, कारण रस्ता दोन्ही दिशांनी नोंदलेला आहे. राहिलेल्यांपैकीही सगळ्या अंतर कमी करतात असं नाही. ज्या कामासाठी एवढी हीप बांधली, ते काम इथे फारसं नाहीच.

कागदावरचा हिशेबही करून बघा. २.३९ कोटीचा दोनच्या पायाचा लॉग सुमारे २४.५. बायनरी हीपसाठी नोड आणि एज मिळून ३.४ गुणिले २४.५, म्हणजे नोडमागे ८३. फिबोनाचीसाठी २.४ अधिक २४.५, म्हणजे २७. अगदी आदर्श स्थितीतही फायदा तिपटीचाच, आणि त्या तिप्पटीतून नोडची बांधणी वसूल व्हायला हवी. फिबोनाचीच्या एका नोडमध्ये आई, मूल, डावा शेजारी, उजवा शेजारी असे चार पॉइंटर असतात: ३२ बाइट. वर अंतर, मुलांची संख्या, खूण. नोड मेमरीत इकडेतिकडे विखुरलेल्या. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी ६४ बाइटांची ओळ उचलतो. एका फिबोनाची नोडनं ती जवळपास भरते. बायनरी हीपमध्ये ४ बाइट अंतर आणि ४ बाइट नोड-क्रमांक ठेवला तर त्याच ओळीत आठ नोंदी मावतात, आणि त्याही सलग.

तिसरी गोष्ट पुस्तकाच्या सूत्रात दिसत नाही. हीपमध्ये एका वेळी असतात त्या फक्त शोधाच्या सीमेवरच्या नोड. रस्त्यांच्या जाळ्यात ही सीमा एकूण नोडच्या मानानं फार लहान असते. मोठ्यात मोठी हीप किती झाली, तो आकडा छापून बघा. बायनरी हीप इतकी लहान असेल की ती कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीतच राहत असेल आणि वरचा २४.५ चा आकडा प्रत्यक्षात आणखी खाली येत असेल.

मोजमाप भरवशाचं व्हावं म्हणून एवढं तपासा. ग्राफ, म्हणजे नोड आणि एजचं जाळं, तीन सलग अॅरेंमध्ये ठेवा: सुरुवातीचे निर्देशांक, टोकं, वजनं (रस्त्यांची अंतरं). ४ बाइटांच्या अंकांत हे सगळं साधारण ५६० एमबीत बसतं. फाइल वाचण्याचा वेळ मोजू नका. ऑप्टिमायझेशन चालू ठेवून कंपाइल करा, पण शेवटी सगळ्या अंतरांची बेरीज छापा. निकाल कुठे वापरलाच नाही तर कंपायलर अख्खं काम गाळून टाकू शकतो आणि तुम्हाला शून्य वेळ दिसतो. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असू द्या. बॅटरीवर प्रोसेसर वेग उतरवतो. पहिली धाव सोडून द्या. शंभर वेगवेगळे उगम, म्हणजे सुरुवातीच्या नोड निवडा, तेच शंभर दोन्ही हीपांना द्या, आणि सरासरीबरोबर मध्यक लिहा. दोन्हींच्या अंतरांची बेरीज जुळत नसेल तर वेळेचे आकडे कचऱ्यात टाका, आधी चूक शोधा. सगळ्या नोड सुरुवातीलाच हीपमध्ये टाकत असाल, तर न पोचणाऱ्या नोडचं ‘अनंत’ अंतर २,१४,७४,८३,६४७ असं ठेवलेलं असतं. त्यात वजन मिळवलं की बेरीज उणे होते आणि भलतेच रस्ते ‘सापडतात’.

मग तिसरा खेळाडू आणा: चार मुलांची हीप. चारही मुलं मिळून ३२ बाइट, नीट मांडली तर एकाच ओळीत येतात. डिक्रीज-की न करता नोड पुन्हा टाकायची आणि जुनी नोंद बाहेर आली की सोडून द्यायची, हाही प्रकार बघा. नोंदी फार तर ५.८३ कोटी होतील, म्हणजे लॉग जेमतेम सव्वानं वाढेल.

फिबोनाची हीपचं मोल यानं कमी होत नाही. त्या हीपमुळे मिळालेली मर्यादा चाळीस वर्षं टिकली. २०२५ मध्ये रान दुआन आणि सहकाऱ्यांनी एज कमी असलेल्या दिशादर्शी ग्राफसाठी ती ओलांडली. खर्च एम गुणिले लॉग एनचा दोन-तृतीयांश घात (एम म्हणजे एज, एन म्हणजे नोड). सगळ्या नोड अंतराच्या क्रमानं लावण्याची गरजच नाही, हे त्यांनी दाखवलं. रिपोर्टच्या शेवटच्या परिच्छेदात याचा उल्लेख जरूर करा.

मुलीला कॅम्पसमधून चांगली नोकरी मिळते आहे, पण तिला पीएच.डी. करायची आहे. किती वर्षं, खर्च किती, पुढे काय?
– पालक, घोडबंदर रोड, ठाणे

खर्चाची काळजी करू नका. चांगल्या सरकारी संस्थेत पीएच.डी.ला विद्यावेतन मिळतं. जानेवारी २०२३ पासून जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपच्या) पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये हा केंद्राचा दर आहे. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. काळ पाच वर्षं धरा, सहाही होतात. त्यानंतर बहुतेकांना दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या जागेवर संशोधन करावं लागतं, बरेचदा परदेशात. कायमची जागा बहुधा तिशीनंतरच मिळते. हे आत्ताच घरी मोकळेपणानं बोलून घ्या.

बी.ई. नंतर थेट पीएच.डी.ला जाता येतं. त्यासाठीच्या गेट या प्रवेश परीक्षेचा पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० मार्क. स्कोअर तीन वर्षं चालतो. कुलाब्याच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) स्वतःची परीक्षा आहे. तिथे प्रोग्रॅमिंगपेक्षा गणित आणि तर्क जास्त विचारतात. पवईचं आयआयटी तर कांजूरमार्गला उतरून जाण्याइतकं जवळ, पण जवळ आहे म्हणून संस्था निवडू नका. चेन्नईत सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि आयएमएससी (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस), बंगळूरुत आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) इथे अल्गोरिदमचे गट भक्कम आहेत.

संस्थेपेक्षा गाईड महत्त्वाचा. मुलीनं त्या गाईडच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलावं आणि विचारावं: आठवड्यात किती वेळ भेट होते, पहिला पेपर कितव्या वर्षी झाला, मागचे विद्यार्थी सध्या कुठे आहेत. विद्यार्थी उत्तर द्यायला कचरले, तर तेही उत्तरच समजावं. खात्री नसेल तर उन्हाळ्यात टीआयएफआरच्या व्हीएसआरपीसारखा, विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम करून बघावा. दोन महिन्यांत आवड खरी की नाही ते कळतं.

आपल्याकडच्या मुलांना हे जमतं का, असंही तुम्ही पत्रात विचारलंय. सुभाष खोत इचलकरंजीचे, पवईच्या आयआयटीत शिकले. २००२ मध्ये त्यांनी युनिक गेम्स कंजेक्चर, म्हणजे काही प्रश्नांची जवळपास बरोबर उत्तरं काढणंही अवघड आहे असा अंदाज मांडला आणि २०१४ मध्ये त्यांना संगणकशास्त्राच्या गणितासाठीचा नेव्हानलिना पुरस्कार मिळाला. त्याच २००२ साली कानपूर आयआयटीत मणींद्र अग्रवाल यांच्याबरोबर नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात (संख्येतल्या अंकांच्या संख्येच्या ठरावीक घाताच्या प्रमाणात), संभाव्यतेचा आधार न घेता ठरवून दाखवलं. त्या कामाची सुरुवात या दोघांच्या बी.टेक. प्रोजेक्टमध्ये आहे.

नेरुळच्या एका कॉलेजात शिकवते. विद्यार्थ्यांच्या गटानं सॉर्टिंगची नवी, ‘एन वेळात चालणारी’ पद्धत काढली आहे. एक जर्नल सात दिवसांत छापतो म्हणतं, फी मागतं. पाठवू का?

मॅडम, पैसे भरू नका. सात दिवसांत कुणीही सिद्धता तपासत नाही, आणि तपासणी न झालेला पेपर मुलांच्या अर्जावर पुढे अडचण होऊन बसतो.

आधी दावा तपासा. सॉर्टिंग, म्हणजे क्रमानं लावणं, फक्त तुलना करून करायचं असेल, तर १० लाख संख्यांना वाईटात वाईट स्थितीत सुमारे १ कोटी ८५ लाख तुलना लागतातच. १२० क्रमांचा आणि ६४ निकालांचा वरचाच हिशेब, फक्त मोठा. तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये एक काउंटर ठेवा. आकडा याच्या खूप खाली आला, तर दोनपैकी एक झालंय. एक तर दिलेला डेटा आधीच बराचसा लावलेला आहे, किंवा मुलं संख्येचे अंक वापरून कप्पे पाडताहेत. दुसरी गोष्ट रॅडिक्स सॉर्ट म्हणून जुनीच आहे. ३२ बिटांच्या संख्या ११-११ बिटांनी घेतल्या तर २,०४८ कप्पे आणि तीन फेऱ्यांत काम होतं.

तुलना बबल सॉर्टशी केली असेल तर ती काढून टाका, कारण बबल सॉर्टपुढे कोणीही जिंकतं. भाषेच्या लायब्ररीतल्या सॉर्टशी करा, आणि यादृच्छिक संख्यांवर थांबू नका. चढता क्रम, उतरता क्रम, सगळ्या संख्या सारख्या, फक्त दहाच वेगळ्या संख्या, शेवटची एकच जागा चुकलेली, असे सगळे प्रकार द्या. रिकामी यादी आणि एकच संख्या हेही द्या. मोठा आकारही हवा. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये दोन टोकांची बेरीज करून निम्मं करत. अॅरे १०७ कोटींच्या पलीकडे गेला की ती बेरीज ३२ बिटांत मावत नसे. ही चूक सुमारे नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, ती २००६ मध्ये जाहीर झाली. पायथनसाठी २००२ मध्ये लिहिलेल्या टिमसॉर्ट या सॉर्टिंग पद्धतीतही असाच लपलेला दोष २०१५ मध्ये सापडला, तोही औपचारिक सिद्धता करायला गेल्यावर.

एवढं करून काही उरलं, तर पाठवायची जागा परिषद. या विषयात पेपर आधी परिषदेत येतो, जर्नल नंतर. भारतात डिसेंबरमध्ये एफएसटीटीसीएस ही सैद्धान्तिक संगणकशास्त्राची परिषद भरते. प्रयोगांवर भर असेल तर एलेनेक्स ही परिषद किंवा ईएसए या युरोपातल्या अल्गोरिदम परिषदेचा अभियांत्रिकी विभाग बघा. सिद्धान्ताच्या परिषदांमध्ये लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमानं येतात. पहिलं नाव कुणाचं यावरून कॉलेजात वाद होण्याआधी हे मुलांना आणि विभागप्रमुखांना सांगून ठेवा.

बहुधा ‘एन वेळात’ हा दावा गळून पडेल. तेव्हा मुलांना कोणत्या प्रकारच्या डेटावर त्यांची पद्धत लायब्ररीला मागे टाकते, ते काउंटरचे आकडे पुढे ठेवून शोधायला लावा. टिमसॉर्टचा सगळा जोर आधीच लागलेले तुकडे ओळखण्यात आहे. मुलांच्या पद्धतीतही असं एखादं नेमकं ठिकाण असेल, तर पेपर तेवढ्यावरच लिहा.